फेरूल पुन्हा वर सरकली? दाबण्याआधी शाफ्टवर एक रेघ मारा

गोल्फ क्लबचा दांडा म्हणजे शाफ्ट. तो हेडच्या ज्या नळीत बसतो ते होजल आणि होजलच्या तोंडाशी शाफ्टभोवती असतं ते प्लॅस्टिकचं कडं म्हणजे फेरूल. माझ्या सात नंबरच्या आयर्नची, म्हणजे धातूच्या हेडच्या क्लबची, फेरूल होजलपासून वर सरकायची. फार नाही, दोनेक मिलिमीटर. अंगठ्याने दाबली की मुकाट्याने खाली बसायची आणि पन्नासेक चेंडू मारून झाले की पुन्हा तेवढीच फट. तीन वेळा मी ती अशी दाबून बसवली. चौथ्या खेपेला सरावाच्या मैदानावर चेंडूच्या मागोमाग क्लबचं हेडही उडत गेलं आणि माझ्या हातात नुसता शाफ्ट उरला. पुढे कुणी उभं नव्हतं म्हणून निभावलं.

घरी आल्यावर शाफ्टच्या टोकाकडे नीट बघितलं तेव्हा हिशेब लागला. फेरूल वर सरकतच नव्हती. ती शाफ्टवर जिथल्या तिथे होती, हेड खाली उतरत होतं. फट पडली की मी फेरूल दाबून ती झाकत होतो. तीन वेळचे दोन-दोन म्हणजे सहा मिलिमीटर शाफ्ट होजलच्या बाहेर आला होता आणि मला वाटत होतं की मी दुरुस्ती करतोय.

म्हणून फेरूल काढणं, वाचवणं, परत वापरणं या सगळ्याच्या आधी हे एक काम करा. फेरूलच्या वरच्या कडेला लागून शाफ्टवर मास्किंग टेपची पट्टी गुंडाळा, किंवा बारीक मार्करने रेघ मारा. मग वीस-पंचवीस चेंडू मारा आणि बघा. फट पडली आणि फेरूलची वरची कड रेघेच्या वर गेली, तर फेरूलच सरकतेय. दिसायला वाईट, पण धोका नाही. फट पडली आणि कड मात्र रेघेला चिकटूनच आहे, तर हेड सुटतंय. तो क्लब त्याच क्षणी बाजूला ठेवायचा. ‘आजचा दिवस खेळून घेतो’ हे चालणार नाही. विशेषतः टेपर टिपचा शाफ्ट असेल तर नाहीच नाही. निमुळतं टोक निमुळत्या भोकात जरासं वर आलं की चारी बाजूंनी सैल होतं, पुढचं काम एकदोन फटक्यांत उरकतं.

फेरूल या गोष्टीबद्दल मुळात एक गैरसमज आहे. पटाशीच्या मुठीला जी साम असते ती लाकूड फुटू देत नाही, ती काम करते. गोल्फ क्लबची फेरूल दिसते तशीच, पण तिच्यावर काहीही पेललेलं नसतं. शाफ्टला हेड धरून ठेवतं ते होजलच्या आतलं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद. फेरूल म्हणजे जाड होजल आणि बारीक शाफ्ट यांच्यामधला टप्पा झाकणारं प्लॅस्टिकचं बूच. ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच्या तंतूंच्या, शाफ्टला फेरूलमुळे होजलच्या कडेपासून थोडासा आधार मिळतो म्हणतात, पण त्यासाठी होजलच्या तोंडाची आतली धार तासलेली असणं जास्त महत्त्वाचं. हिकरीच्या लाकडी शाफ्टच्या काळात याच सांध्यावर मेण लावलेला दोरा घट्ट गुंडाळायचे. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए या संस्थेने १९२९ मध्ये स्टीलच्या शाफ्टला मान्यता दिली, स्टील सगळीकडे पसरलं आणि दोऱ्याची गरज हळूहळू संपली. दोरा निदान बांधून तरी ठेवायचा. फेरूल तेवढंही करत नाही. त्यामुळे ती सरकली तर चेंडू वाकडा जात नाही आणि ती घट्ट बसली आहे म्हणून हेड पक्कं आहे असंही होत नाही.

फेरूलच सरकत असेल तर

कारण बहुतेक वेळा शेवटच्या जोडणीत सापडतं, खेळण्यात नाही. होजल खालून बंद असतं. त्यात इपॉक्सी लावलेला शाफ्ट घालणं म्हणजे पिचकारीत दट्ट्या ढकलण्यासारखं. आत अडकलेल्या हवेला वाट हवी असते. ग्रॅफाइट शाफ्टचं टोक उघडं असेल तर ती शाफ्टच्या पोकळीत जाते. पण आत वजनाची खिट्टी किंवा बूच बसवलेलं असेल, तर हवा इपॉक्सीला ढकलत वर येते आणि जाता जाता फेरूल उचलते. तुम्ही सगळं पुसून, क्लब कोपऱ्यात उभा करून झोपायला जाता आणि सकाळी केसाएवढी फट वाकुल्या दाखवत असते. इपॉक्सी लवकर सुकावं म्हणून क्लब उन्हात ठेवला असेल तर आणखीच वाईट, कारण तापलेली हवा फुगते.

उपाय साधा आहे, फक्त घाई नको. शाफ्ट फिरवत फिरवत, सावकाश आत घालायचा. तळाला टेकला की एकदा अर्धा सेंटिमीटर बाहेर ओढून पुन्हा दाबायचा. बाहेर आलेलं इपॉक्सी पुसायचं आणि मग क्लब सोडून जायचं नाही. दहा मिनिटं थांबा, फेरूल बघा, उचलली असेल तर दाबा. पुन्हा दहा मिनिटांनी बघा. इपॉक्सी घट्ट व्हायला लागेपर्यंत हा खेळ चालतो. शेवटी फेरूल आणि होजल दोन्हींवरून मास्किंग टेप ओढून गुंडाळून टाका. ग्रिप आधीच बसवलेली असेल तर तिच्या टोकाचं बारीक भोक बुजलेलं नाही ना, तेही बघा. शाफ्टमधून वर आलेल्या हवेला बाहेर पडायचा तोच रस्ता.

दुसरं कारण सैल फेरूल. आणि सैल फेरूल म्हणजे बहुधा एकदा वापरलेली फेरूल.

काढताना ती सैल का होते

आयर्नच्या शाफ्टची टोकं मुख्यतः दोन मापांची. टोकाला एकसारख्या जाडीची पॅरलल टिप ०.३७० इंच, म्हणजे ९.४ मिलिमीटर. निमुळती टेपर टिप ०.३५५ इंच, म्हणजे ९ मिलिमीटर. ड्रायव्हर आणि फेअरवे वूड या लांब फटक्यांच्या क्लबना ०.३३५ किंवा ०.३५० इंच भेटतं. फेरूलचं भोक या मापापेक्षा किंचित कमी असतं, म्हणून ती शाफ्टला आवळून बसते. आता टेपर टिपच्या शाफ्टवरून फेरूल वर ढकलली तर काय होतं? शाफ्ट वर जाड होत जातो, फेरूल ताणली जाते. दोन-तीन सेंटिमीटर वर गेली तर परत येते. दहा सेंटिमीटर वर नेऊन तिथेच रात्रभर ठेवली तर ताणलेली ती ताणलेलीच राहते, नाहीतर उभी तडकते. खाली आणल्यावर ती शाफ्टवर घरंगळते आणि आपण तिला शिव्या देतो.

उष्णतेचं गणितही तिच्या विरुद्ध आहे. होजलमधलं इपॉक्सी साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे चांगलं तापवल्याशिवाय हार मानत नाही. बऱ्याचशा फेरूल सेल्युलोज ॲसिटेटच्या असतात आणि ॲसिटेट त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. होजलवर हीट गन धरली की धातूतून उष्णता वर चढते, आधी फेरूलची खालची कड गोल होते, मग चकाकी जाते, मग ती शाफ्टला ओघळून चिकटते. त्या अवस्थेला पोचलेली फेरूल कुणी वाचवू शकत नाही.

तेव्हा वाचवायची असेल तर होजल तापवायच्या आधीच तिला तिथून हलवावं लागतं. क्रम उलटला की संपलं.

मी असं करतो. क्लब रबरी पकडीत धरून व्हाइसमध्ये आडवा लावतो. जुन्या कापडाची पट्टी उकळून थोड्या निवलेल्या पाण्यात बुडवून फेरूलभोवती गुंडाळतो, मिनिटभर ठेवतो, पट्टी बदलून पुन्हा एकदा. हेअर ड्रायरनेही होतं, पण ओल्या कापडाने फेरूल भाजायची भीती नाही. मग पातळ पात्याची सुरी फेरूल आणि होजल यांच्यातल्या सांध्यावर ठेवून चहूबाजूंनी हलकी फिरवतो. कापायचं नाही, नुसती सांध्यातली इपॉक्सीची कड तोडायची. त्यानंतर रबरी हातमोजा घालून फेरूल पिळत वर ओढतो. पहिल्यांदा काहीच होत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गरम पट्टी लावल्यावर एक बारीक ‘कट्’ असा आवाज येतो आणि ती फिरायला लागते. हा आवाज आला की अर्धी लढाई जिंकली. एकदा दोन-तीन मिलिमीटर फट पडली की १० मिलिमीटरचा उघड्या तोंडाचा पाना त्या फटीत शाफ्टभोवती बसतो. पान्याच्या पाठीवर लाकडी हातोडीने हलके ठोके देत फेरूल वर न्यायची. शाफ्टवर आधी टेपचे दोन वेढे घाला, नाहीतर पान्याचे ओरखडे कायमचे राहतात.

तीन सेंटिमीटर पुरे. तिथे तिच्यावर गार पाण्यात पिळलेलं कापड गुंडाळायचं आणि मग होजल तापवायचं. हीट गनचं तोंड होजलच्या खालच्या भागाकडे, सतत फिरतं. स्टीलचा शाफ्ट असेल तर हेड पिळून काढलं तरी चालतं. ग्रॅफाइटला पिळायचं नाही. तापलेल्या ग्रॅफाइटमधला राळेचा बंध मऊ झालेला असतो, पिळलं की तंतू सुटतात, आणि शाफ्ट बाहेरून बरा दिसत असला तरी टोक निकामी होतं. त्याला सरळ रेषेत ओढणारा शाफ्ट पुलरच हवा. धूर दिसायला लागला तर तुम्ही जास्त तापवलंय, थांबा. आणि होजलचं तोंड कुणाच्या तोंडाकडे नको. आतली तापलेली हवा कधी कधी हेड फटकन बाहेर फेकते. खिडकी उघडी ठेवा, चामडी हातमोजे घाला.

हेड निघालं की फेरूल लगेच खाली आणून टोकावरून काढून घ्यायची. वर राहिली तर ताणली जाते, हे वर आलंच आहे. त्याआधी शाफ्टच्या टोकावरचं इपॉक्सी खरवडा, नाहीतर फेरूल त्या खरबरीत भागावरून उतरताना आतून सोलवटते.

स्लीव्हवाल्या ड्रायव्हरचं प्रकरण निराळं. तिथे शाफ्ट एका छोट्या नळीत, म्हणजे स्लीव्हमध्ये, चिकटवलेला असतो आणि स्लीव्ह स्क्रूने हेडला बसते. आधी स्क्रू सोडवून हेड वेगळं करायचं. ड्रायव्हरच्या हेडला उष्णता द्यायचं कामच नाही. ॲल्युमिनियमची स्लीव्ह क्षणात तापते आणि तिच्या डोक्यावरची फेरूल तेवढ्याच वेगाने जाते. तिथे मी फेरूल वाचवायच्या फंदात पडत नाही. स्लीव्ह आणि शाफ्ट धड राहिले तरी पुष्कळ.

वाचवावी की कापून टाकावी

खरं सांगायचं तर दहापैकी आठ वेळा कापून टाकावी. एवढ्याशा बुचासाठी तासभर घालवायचा आणि शेवटी ते सैल निघायचं, त्यापेक्षा नवी बसवणं केव्हाही बरं. पण काही वेळा वाचवण्याला अर्थ असतो. पूर्ण संचाच्या फेरूलवर दोन रंगीत वलयं आहेत आणि तशी बाजारात मिळत नाही. क्लब जुना आहे आणि फेरूल नेहमीपेक्षा लांब, निमुळती आहे. किंवा होजलच्या तोंडाला आत खोबण आहे आणि तिच्यात बसणारी कॉलरची फेरूल लागते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. खोबणीच्या होजलवर साधी फेरूल चढवली तर ती वरून टेकलेली दिसते, पण खाली पोकळ जागा राहते आणि तुम्ही पुन्हा ‘सरकली, सरकली’ म्हणत बसता.

कापायची असेल तर स्टीलच्या शाफ्टवर फेरूल जरा गरम करून सुरीने उभी चिरा, ती सालीसारखी निघते. सुरी नेहमी हातापासून लांब जाणारी. ग्रॅफाइटवर चिरू नका. पात्याची एक उभी रेघही तंतूंमध्ये गेली तर शाफ्ट पुढे तिथेच मोडतो. तिथे गरम करून, मऊ करून, बोथट पट्टीने सोलून काढायची.

परत बसवायची तर

काढलेल्या फेरूलच्या आत इपॉक्सीचा कडक थर असतो आणि तो एकसारखा नसतो, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला नाही. तो तसाच ठेवला तर फेरूल तिरकी बसते, होजलला एका बाजूने टेकते आणि दुसऱ्या बाजूने नखभर उघडी राहते. हा थर फेरूल गार असताना काढायचा. गार इपॉक्सी ठिसूळ असतं, टवके उडतात. गरम असताना तेच इपॉक्सी चिकट होऊन ॲसिटेटला घेऊन येतं. ९ मिलिमीटरचं ड्रिल बिट हातात धरून, मशीनला न लावता, फिरवा. राहिलेलं पेन्सिलीला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने काढा. गोल कानस असेल तर तीही चालेल, पण दोन-तीन हातांच्या वर नको. भोक मोठं करणं सोपं असतं, लहान करणं नाही.

मग कोरड्या, स्वच्छ शाफ्टवर ती घालून बघा. टोकावरून दोन सेंटिमीटर हाताने जाते आणि मग अडते, पुढे ढकलायला जोर लागतो, ही बरोबर फेरूल. शाफ्ट उभा धरल्यावर आपल्या वजनानेच खाली घसरली तर ती सैल. एवढं कळल्यावर तिला फेकून द्यायची तयारी ठेवा. अगदीच दुर्मीळ असेल तर आतून इपॉक्सीचा पातळ थर लावून पूर्ण सुकू द्या आणि पुन्हा घासून मापाला आणा. मी एका जुन्या संचाच्या तीन फेरूल अशा केल्या. दोन टिकल्या. तिसरी बसवताना तडकली, बहुधा मीच जास्त घासली होती.

बसवण्याआधी होजलमध्ये शाफ्ट किती खोल जातो ते कोरडंच मोजा. सळई आत घालून मोजली की झालं. आयर्नला बहुतेक तीनेक सेंटिमीटर भरतं, पण प्रत्येक हेडचं वेगळं असतं, अंदाजावर जाऊ नका. ती खूण शाफ्टवर टेपने करा. फेरूल गरम पाण्यात मिनिटभर ठेवा, पुसा आणि खुणेच्या दीड-दोन मिलिमीटर अलीकडेच थांबवा, टोकाच्या बाजूला. शेवटचे दीड-दोन मिलिमीटर होजलने तिला ढकलू द्यायचे. फेरूल आणि होजल यांच्यात फट राहू नये याची यापेक्षा चांगली युक्ती मला सापडलेली नाही. खुणेवर अगदी नेमकी बसवायला गेलात की ती केसभर पुढे जाते आणि फट पक्की होते.

इपॉक्सी लावताना शाफ्टवर तर लावाच, पण फेरूलच्या खालच्या कडेलाही बारीक वळं फिरवा. पुष्कळजण हे विसरतात. नुसत्या आवळण्यावर विसंबलेली जुनी फेरूल दोन महिन्यांत हलते. स्टीलच्या टोकावरचा क्रोम होजलमध्ये जाईल तेवढ्या भागात पॉलिश पेपरने मंद होईपर्यंत घासलेला हवा. ग्रॅफाइटचा फक्त रंग काढायचा, काळे तंतू दिसले की थांबायचं. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी इथे वापरू नका. माझं हेड ज्या जोडातून उडालं तो तसलाच होता, आणि शाफ्टवरचा क्रोमही मी घासलेला नव्हता. दोन्ही चुका माझ्याच. सावकाश सुकणारं घ्या, दोन्ही भाग पाकिटावर दिलेल्या प्रमाणात नीट घोटा आणि २४ तास क्लबला हात लावू नका.

शेवटचा हात

जुनी फेरूल होजलपेक्षा जरा फुगीर किंवा ओबडधोबड दिसते. होजल आणि शाफ्ट दोन्हींवर टेप लावून, पॉलिश पेपरची बोटभर रुंद पट्टी बूट चमकवतात तशी दोन्ही हातांनी मागे-पुढे ओढायची. २४० नंबरने आकार, मग ४००, मग ६००. टेप फाटायला लागली की समजा होजलच्या बरोबरीला आलात. नंतर कागदी रुमालावर ॲसिटोनचे दोन-चार थेंब घेऊन फेरूलवरून एकाच दिशेने, न थांबता फिरवा. धुरकट प्लॅस्टिक डोळ्यांदेखत काळंभोर होतं. रुमाल एका जागी थांबला तर तिथे बोटाचा ठसा उमटतो आणि तो घालवायला पुन्हा २४० पासून सुरुवात. जास्त ॲसिटोन सांध्यात गेलं तर फेरूलची कड विरघळून पातळ होते, आणि जवळून बघणाऱ्याला पुन्हा फट दिसते. रंगवलेल्या ग्रॅफाइट शाफ्टला त्याचा स्पर्शही नको, रंग उतरतो. हीट गन अजून गरम असेल तर बाटली उघडूच नका.

काही फेरूल ॲसिटेटच्या नसतात. त्यांच्यावर ॲसिटोनने एकतर काहीच होत नाही, नाहीतर पृष्ठभाग पांढरा पडतो. बसवायच्या आधी फेरूलच्या आतल्या कडेला एक थेंब लावून बघा. चिकट लागलं तर ॲसिटेट.

सगळं झालं की वरच्या कडेला पुन्हा मार्करची रेघ मारा. माझ्या सात नंबरवर ती अजून आहे, थोडी पुसट झालीय, आणि फेरूल तिला चिकटून आहे. खालची फट मी दर वेळी नखाने चाचपतो. नख अजून आत गेलेलं नाही.